जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा : गावाचा सहभाग आणि विद्यार्थ्यांची संपादणूक

प्रस्तावना

महाराष्ट्रातील कोणत्याही जिल्हा परिषद प्राथमिक शाळेत प्रवेश केला की मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर एक फलक हमखास दृष्टीस पडतो. शिष्यवृत्तिधारक विद्यार्थ्यांची नावे त्यावर वर्षानुक्रमे रंगविलेली असतात. त्याच भिंतीच्या दुसऱ्या टोकाला दुसरा फलक असतो, शाळेस पंखे, संगणक, पाण्याची टाकी किंवा रोख वर्गणी देणाऱ्या ग्रामस्थांचा. एक फलक विद्यार्थ्यांच्या यशाचा आणि दुसरा गावाच्या आस्थेचा. या दोहोंमध्ये प्रत्यक्ष संबंध कोणता, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. शाळेला गावाने भरभरून दिले म्हणजे मुले शिकतात असे गृहीत धरले जाते, आणि चार मुलांची नावे फलकावर चढली म्हणजे सर्वांचे शिक्षण झाले असेही मानले जाते. या दोन्ही गृहीतकांची तपासणी प्रस्तुत लेखात केली आहे.

पूर्वपीठिका

प्राथमिक शाळा आणि समाज यांच्या नात्याची चर्चा महाराष्ट्राला नवी नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षणाकडे सरकारने केलेल्या दुर्लक्षावर कठोर टीका केली होती. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, अशी सूचना त्यांनी केली. परीक्षेच्या निकालावर अनुदान देण्याची तत्कालीन पद्धत ज्या समाजात शिक्षणाची गोडीच अद्याप निर्माण झालेली नाही तेथे उपयोगी पडणार नाही, असेही त्यांनी बजावले होते. निकाल हे शिक्षणाच्या मोजमापाचे एकमेव साधन मानण्यातील धोका इतक्या आधी ओळखला गेला होता, ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पुढे बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ मध्ये आणि कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची घोषणा केली. स्वातंत्र्योत्तर काळात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या व ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्या अखत्यारीत गेल्या. शाळेची सत्ता गावाच्या जवळ आली खरी. पण शाळेत काय चालते हे पाहण्याचा गावाचा अधिकार बराच काळ ग्राम शिक्षण समितीच्या कागदोपत्री बैठकांपुरताच राहिला.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि या अधिकाराला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. अधिनियमाच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असणे आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असणे बंधनकारक आहे. दुर्बल व वंचित घटकांतील पालकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व द्यावे, असेही त्यात नमूद आहे. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणे आणि शाळा विकास आराखडा तयार करणे ही या समितीची कामे होत. व्यवहारात मात्र अनेक ठिकाणी समितीची बैठक बांधकामाच्या विषयाने सुरू होते व बांधकामाच्या विषयानेच संपते. भिंत किती फूट वाढली हे सर्वांना दिसते. तिसरीतील एखाद्या मुलाला जोडाक्षरे वाचता येत नाहीत हे त्याच्या शिक्षकाशिवाय कोणालाच दिसत नाही.

शिष्यवृत्तीचा फलक

विद्यार्थ्यांच्या संपादणुकीचे गावाला सर्वाधिक परिचित असलेले मापन म्हणजे शिष्यवृत्ती परीक्षा. राज्यात ही परीक्षा १९५४-५५ पासून घेतली जाते. दीर्घकाळ ती इयत्ता चौथी व सातवीसाठी होती; २०१६-१७ पासून ती पाचवी व आठवीला नेण्यात आली. जिल्हा परिषदेच्या बहुसंख्य शाळा चौथीपर्यंतच्या असल्याने या बदलाचा परिणाम असा झाला की अनेक लहान शाळांतून शिष्यवृत्तीचा वर्गच नाहीसा झाला. फलकावरील नावांची परंपरा एका विशिष्ट वर्षी अचानक थांबलेली दिसते, त्याचे कारण पुष्कळदा शिक्षकांची अनास्था नसून हा बदल असतो. २०२५ मध्ये शासनाने ही परीक्षा पुन्हा चौथी व सातवीला घेण्याचा निर्णय केला, त्यामागे हाही एक विचार होता.

शिष्यवृत्ती आणि नवोदय विद्यालयाची प्रवेश परीक्षा यांचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. शेतमजुराच्या मुलीला सहावीपासून निवासी, मोफत शिक्षण मिळणे ही तिच्या संपूर्ण कुटुंबाची दिशा बदलणारी घटना असते. परंतु नवोदय विद्यालयात एका वर्षी साधारणपणे ८० विद्यार्थ्यांना प्रवेश मिळतो आणि ते एका संपूर्ण जिल्ह्यातून निवडले जातात. अशा परीक्षांचा फलक शाळेतील सर्वांत पुढे असलेल्या दोन-चार मुलांविषयी सांगतो. उरलेल्या मुलांविषयी तो काहीच सांगत नाही. तयारीचे जादा तास बहुधा निवडक मुलांसाठी भरतात, आणि दोन शिक्षकी शाळेत त्या तासांना लागणारा वेळ कोणाच्या वाट्याचा कमी होतो हे उघड आहे.

या उलट दिशेने जाणारे मापन म्हणजे 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होत असलेले 'असर' सर्वेक्षण. त्याची रचना साधी आहे. सर्वेक्षक घरी जाऊन मुलापुढे अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट ठेवतो व मूल कोठपर्यंत वाचते ते नोंदवतो. या चाचणीचे खरे सामर्थ्य असे की ती निरक्षर आईसमोर, अंगणात घेतली जाते. मूल अडखळते तेव्हा ते कोठे अडखळले हे आईलाही कळते. शाळेच्या प्रगतिपुस्तकातील श्रेणी तिला हे सांगू शकत नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत अशी दहा मिनिटांची वाचनचाचणी पालकांसमोर घेतली गेली, तर बैठकीचा विषय भिंतीवरून मुलाकडे वळण्याची शक्यता वाढते.

परिपाठ, बाजार आणि भोजन

शाळेचे सामूहिक जीवन म्हणजे केवळ स्नेहसंमेलन, हा समज अपुरा आहे. स्नेहसंमेलन वर्षातून एकदा होते. परिपाठ रोज होतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, दिनविशेष, सुविचार, बातम्या आणि बोधकथा हा क्रम बहुतेक शाळांत ठरलेला असतो. परिपाठाची जबाबदारी पाळीपाळीने सर्व मुलांकडे जाते की आवाज स्पष्ट असलेल्या त्याच तीन मुलींकडे राहते, एवढ्या एका गोष्टीवरून शाळेची पारख करता येईल. वर्गात वर्षभर तोंड न उघडणारा मुलगा साऱ्या शाळेसमोर चार ओळींची बातमी वाचतो, तेव्हा ती त्याची संपादणूकच असते. तिच्यासाठी फलकावर जागा नसते, इतकेच.

बालआनंद मेळावा अथवा बालबाजार हा उपक्रम या दृष्टीने विशेष विचारात घेण्याजोगा आहे. शाळेच्या मैदानात मुले मेथीच्या जुड्या, लिंबे, उकडलेल्या शेंगा, भेळ मांडून बसतात. आया व आजोबा गिऱ्हाईक होऊन येतात. घासाघीस होते, सुट्या पैशांचे हिशेब होतात. गणिताच्या तासाला मागे बसणारी मुले येथे तोंडी हिशेबात सराईत निघतात, हा शिक्षकांचा नेहमीचा अनुभव. हा अनुभव केवळ कौतुकाचा विषय नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. बाजारातील गुंतागुंतीचे व्यवहार मनातल्या मनात अचूक सोडवणारी ही मुले शाळेच्या पद्धतीने मांडलेली त्याहून सोपी उदाहरणे सोडवू शकत नव्हती. बाजारात काम न करणाऱ्या शाळकरी मुलांची स्थिती नेमकी उलट होती; पुस्तकी उदाहरणांत ती बरी, पण व्यवहारातील हिशेबात अडणारी. म्हणजे दोन्हीकडचे गणित मुलाच्या डोक्यात वेगवेगळ्या कप्प्यांत राहते. त्यांना जोडणारा पूल आपोआप तयार होत नाही.

बालबाजाराचे शैक्षणिक मोल म्हणूनच त्या दिवशी ठरत नाही, ते दुसऱ्या दिवशी ठरते. आदल्या दिवशी लिंबे विकणाऱ्या मुलाने आपली खरेदी, विक्री आणि नफा वहीत मांडला, तोंडी केलेला हिशेब उभ्या मांडणीत लिहिला आणि दोन्ही उत्तरे ताडून पाहिली, तर पूल बांधला जातो. बहुतेक शाळांत दुसऱ्या दिवशी छायाचित्रे गटावर पाठवली जातात आणि विषय संपतो. उपक्रम झाला हे सिद्ध करण्याच्या धडपडीत उपक्रमातून काय साधायचे होते तेच मागे पडते.

शालेय पोषण आहाराविषयी थोडक्यात सांगता येईल. राज्यात ही योजना १९९५ मध्ये तांदूळवाटपाच्या रूपाने सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर शिजवलेले अन्न देण्यास आरंभ झाला. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे १०० ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने हे तिचे प्रमाण. एका पंगतीत सर्व जातींची मुले बसतात आणि गावातलीच एखादी बाई त्यांना वाढते, याचे सामाजिक मोल मोठे आहे.

समितीचा एक निर्णय

गावाचा सहभाग आणि मुलांचे शिकणे यांचा थेट संबंध कोठे दिसतो, याचे उत्तर बीड जिल्ह्यासारख्या ऊसतोड मजुरांच्या प्रदेशात मिळते. दसरा-दिवाळीच्या सुमारास नवरा-बायकोचा 'कोयता' साखर कारखान्याकडे निघतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाही. मूल बरोबर गेले तर त्याचे दुसरे सत्र जवळजवळ पूर्ण बुडते. अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. गावातच आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे मूल राहते आणि त्याच्या भोजनाची सोय शाळा व्यवस्थापन समिती करते. समितीला येथे घरोघर जाऊन कोण जाणार, कोणाचे मूल मागे ठेवता येईल, सांभाळणार कोण, स्वयंपाक कोण करणार हे वेळेत ठरवावे लागते. टोळी गावाबाहेर पडल्यावर घेतलेल्या निर्णयाचा उपयोग नसतो. दिवाळीपूर्वीची ही एक बैठक झाली की नाही, यावर एखाद्या मुलाचे संपूर्ण वर्ष अवलंबून असते. पंखे दिलेल्या दात्यांच्या यादीत ही बैठक कोठेही नोंदली जात नाही.

नावाजलेल्या शाळांचा बोध

मागील दशकात राज्यातील काही प्राथमिक शाळांची कीर्ती दूरवर गेली. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील शाळांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने फरशीवर आखलेल्या आकृत्या, काड्यांचे गठ्ठे, खडे अशा साध्या साधनांनी पहिली-दुसरीतील वाचन व गणन सुकर केले. राज्यभरातील शिक्षक ते पाहण्यासाठी तेथे गेले. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने सुरू झालेल्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाच्या काळात या प्रयोगाची चर्चा सर्वत्र झाली. अनुकरणही झाले, परंतु पुष्कळ ठिकाणी फरशा रंगल्या आणि पद्धत तेवढी रंगली नाही.

सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडीच्या शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाला. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडच्या वापराचा आरंभ त्यांनी आपल्या शाळेतून केला होता. दहा लाख डॉलरच्या पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटली. पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेने २०२५ मध्ये जागतिक पातळीवरील सर्वोत्कृष्ट शाळांच्या स्पर्धेत लोकमताचा पुरस्कार मिळवला. तेथील 'विषय मित्र' पद्धतीत वेगवेगळ्या वयाची मुले परस्परांना शिकवतात. लोकमताने मिळालेला पुरस्कार शाळेमागे किती माणसे उभी राहिली ते सांगतो. मुले किती शिकली ते तो सांगू शकत नाही, आणि तशी अपेक्षाही करू नये. मुलांनी मुलांना शिकवणे ही मात्र अशी रीत आहे की तिला निधी लागत नाही, आणि एका खोलीत चार इयत्ता बसवाव्या लागणाऱ्या शाळेला ती सहज स्वीकारता येते.

वस्तीवरील शाळेचा प्रश्न

महाराष्ट्रात २० पेक्षा कमी पटाच्या शासकीय शाळांची संख्या १४ हजारांहून अधिक असल्याचे २०२३ मध्ये समोर आले. अशा शाळा एकत्र करून 'समूह शाळा' उभाराव्यात असा विचार त्याच वर्षी शासनस्तरावर मांडला गेला. पुणे जिल्ह्यातील पानशेत व नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ ही त्याची आदर्श उदाहरणे म्हणून पुढे करण्यात आली. या विचाराला आधार आहे. सात मुलांत खो-खोचा संघ होत नाही. त्याला मैदानात नऊ खेळाडू लागतात. बरोबरीची मुले नसली की चर्चा होत नाही, आणि एकटा शिक्षक प्रशिक्षणाला किंवा बैठकीला गेला की शाळाच बंद राहते.

तथापि शिक्षण हक्क अधिनियमाखालील नियमांनी पहिली ते पाचवीसाठी शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असे म्हटले आहे, ते अंतर सहा वर्षांच्या मुलाच्या पावलांनी मोजलेले आहे. समूह शाळेला वाहनाची जोड द्यावी लागते. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले, वाहनाचे देयक थकले, चालक आला नाही, की प्रथम घरी राहते ती मुलगी. शिवाय वस्तीवरील शाळा व्यवस्थापन समितीत आज रोजंदारीवर जाणाऱ्या आया सदस्य आहेत. बैठक शाळा सुटताना, वस्तीवरच भरते म्हणून त्या कामावरून परतताना येऊ शकतात, आणि आपल्या मुलाने परिपाठात काय वाचले हे त्यांना त्याच वेळी ऐकायला मिळते. तीच बैठक आठ किलोमीटरवर दुपारी भरू लागली, तर त्यांना एक दिवसाची मजुरी सोडावी लागेल.