दोन शतकं, दोन पराभव : ऋतुराज गायकवाडची भारतीय संघातली वाटचाल

ऋतुराज गायकवाडने भारतासाठी दोन शतकं केली आहेत. पहिलं टी-२० सामन्यात, गुवाहाटीला, २८ नोव्हेंबर २०२३ रोजी. दुसरं एकदिवसीय सामन्यात, रायपूरला, ३ डिसेंबर २०२५ रोजी. दोन्ही सामने भारत हरला. जिंकलेल्या सामन्यातलं शतक लोक वर्षानुवर्षं सांगत राहतात. हरलेल्या सामन्यातल्या शतकाची दुसऱ्या दिवशी फारशी कुणी आठवण काढत नाही. ऋतुराजच्या कारकिर्दीचा हिशेब मांडताना हे आधी ध्यानात घ्यायला हवं, नाहीतर नुसत्या आकड्यांवरून त्याची उंची कळायची नाही.

तो आमच्या पिंपरी-चिंचवडचा. जुनी सांगवीतलं नोकरदार घर, वडील संरक्षण संशोधन खात्यात, आई शिक्षिका. क्रिकेटचं शिक्षण थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत. महापालिकेचं मैदान, दिलीप वेंगसरकरांची देखरेख आणि वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या व्हेरॉक कंपनीचं पाठबळ, असा तिथला मेळ आहे. या पट्ट्यात क्रिकेट पूर्वीपासून भरपूर. भोसरी-चाकणकडच्या कंपन्यांचे संघ, सुट्टीच्या दिवशी रंगणाऱ्या टेनिस बॉलच्या स्पर्धा, गल्लोगल्ली ठोकाठोकी करणारी पोरं. उणीव होती ती सीझन बॉलवर रोज, शिस्तीत, तासन् तास फलंदाजी करायला मिळण्याची. थेरगावने ती भरून काढली. ऋतुराजची सरळ येणारी बॅट, चेंडू अंगाजवळ येऊ देऊन उशिरा खेळण्याची सवय, कव्हरमधून जाणारा जमिनीलगतचा फटका, हे सगळं त्या रोजच्या मेहनतीतून आलं आहे.

भारत 'अ' संघाकडून जून २०१९ मध्ये बेळगावात श्रीलंका 'अ' विरुद्ध त्याने १३६ चेंडूंत नाबाद १८७ धावा केल्या, तेव्हा जाणकारांच्या नजरेत तो भरला. त्याआधी डिसेंबर २०१८ च्या लिलावात चेन्नई सुपर किंग्जने त्याला वीस लाखांच्या मूळ किमतीला घेतलं होतं. २०२१ च्या आयपीएलमध्ये ६३५ धावा करून त्याने ऑरेंज कॅप मिळवली.

भारतीय संघाचं दार मात्र त्याआधीच उघडलं होतं, आणि तेही विचित्र परिस्थितीत. जुलै २०२१ मध्ये मुख्य संघ इंग्लंडमध्ये असताना शिखर धवनच्या नेतृत्वाखाली दुसरा संघ श्रीलंकेला गेला. तिथे कृणाल पंड्याला कोरोना झाला, त्याच्या संपर्कातले आठ खेळाडू विलगीकरणात गेले आणि २८ जुलैला कोलंबोत उरलेल्या खेळाडूंतून अकरा जण उभे करावे लागले. त्या दिवशी चौघांनी पदार्पण केलं, त्यात ऋतुराज होता. १८ चेंडूंत २१ धावा. पुढची अनेक वर्षं त्याला संधी मिळत गेली ती याच तऱ्हेने. कुणी दमलं म्हणून, कुणी जखमी झालं म्हणून, मुख्य संघ दुसरीकडे गुंतला म्हणून.

जून २०२२ मध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध मायदेशातल्या पाच टी-२० सामन्यांत २३, १, ५७, ५ आणि १० धावा. या मालिकेत त्याला सातत्य ठेवता आलं नाही, हे कबूल केलं पाहिजे. ऑक्टोबरमध्ये लखनौला एकदिवसीय पदार्पणात १९ धावांसाठी ४२ चेंडू लागले. तो वेळ घेऊन खेळणारा फलंदाज आहे. जम बसला की मग तो थांबत नाही. पण जम बसण्याआधी बाद झाला तर धावफलकावर फक्त संथपणा उरतो.

त्यानंतर सातच आठवड्यांनी अहमदाबादला विजय हजारे करंडकाच्या उपांत्यपूर्व फेरीत त्याने उत्तर प्रदेशच्या शिवा सिंगच्या एका षटकात सात षटकार मारले. एक नोबॉल धरून सात चेंडू, सातही सीमेपार, षटकात ४३ धावा, आणि स्वतः १५९ चेंडूंत नाबाद २२०. त्या षटकाची चित्रफीत जगभर फिरली. मला मात्र त्या षटकाआधीची अठ्ठेचाळीस षटकं जास्त मोलाची वाटतात. तो सलामीला आला होता आणि एकोणपन्नासाव्या षटकातही खेळपट्टीवर होता. पुढे उपांत्य फेरीत १६८, अंतिम सामन्यात १०८. तो अंतिम सामना महाराष्ट्र सौराष्ट्राकडून हरला. आदल्या वर्षी याच स्पर्धेत त्याने पाच सामन्यांत चार शतकांसह ६०३ धावा करूनही महाराष्ट्र बाद फेरीत पोहोचला नव्हता.

२०२३ हे त्याचं सर्वांत भरलेलं वर्ष. ऑगस्टमध्ये आयर्लंड दौऱ्यावर बुमराहचा उपकर्णधार. सप्टेंबरमध्ये मोहालीला ऑस्ट्रेलियाविरुद्ध ७१ धावा आणि शुभमन गिलसोबत १४२ ची सलामी. लगेच हांगझोच्या आशियाई स्पर्धेत तो भारताचा कर्णधार होता. बांगलादेशविरुद्धच्या उपांत्य सामन्यात नाबाद ४०, अफगाणिस्तानविरुद्धचा अंतिम सामना पावसाने वाहून गेला आणि वरच्या मानांकनामुळे सुवर्णपदक भारताला मिळालं. आशियाई स्पर्धेत भारतीय पुरुष संघाचं क्रिकेटमधलं हे पहिलं सुवर्ण, आणि कर्णधार सांगवीचा! पण त्याच आठवड्यात भारतात विश्वचषक सुरू झाला होता. सगळ्यांचं लक्ष तिकडे.

मग गुवाहाटी. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या टी-२० मालिकेच्या पहिल्या सामन्यात, विशाखापट्टणमला, तो एकही चेंडू न खेळता धावबाद झाला होता. दुसऱ्यात ५८. तिसऱ्यात दोन गडी स्वस्तात पडल्यावर त्याने आधी पडझड थांबवली. पहिले वीसेक चेंडू तो जेमतेम चेंडूमागे एक धाव घेत होता. शेवटी ५७ चेंडूंत नाबाद १२३, १३ चौकार, ७ षटकार. मॅक्सवेलच्या अखेरच्या षटकात ३० धावा निघाल्या. ऑस्ट्रेलियाविरुद्ध टी-२० मध्ये शतक करणारा तो पहिला भारतीय पुरुष खेळाडू ठरला. भारत ३ बाद २२२. त्यानंतर त्याच मॅक्सवेलने ४८ चेंडूंत नाबाद १०४ ठोकून शेवटच्या चेंडूवर सामना काढला. रात्री चर्चा झाली ती मॅक्सवेलची आणि आपल्या गोलंदाजीची.

इथे केदार जाधवची आठवण येते. पुण्याचाच, वयाने बारा वर्षांनी मोठा. १५ जानेवारी २०१७ रोजी गहुंजेच्या स्टेडियमवर, म्हणजे आमच्या शहराच्या वेशीवर, इंग्लंडच्या ३५० धावांचा पाठलाग करताना भारताचे ६३ वर चार गडी गेले होते. केदारने ७६ चेंडूंत १२० धावा केल्या, विराट कोहलीसोबत २०० ची भागीदारी केली आणि भारत जिंकला. त्या खेळीने केदारची जागा पक्की केली. तो २०१९ चा विश्वचषक खेळला आणि ७३ सामन्यांत ४२ च्या सरासरीने १३८९ धावा करून थांबला. केदारच्या गुणांना कमी लेखायचं नाही. खाली वाकून टाकलेली त्याची ऑफस्पिनही संघाला उपयोगी होती. पण त्याला मधल्या फळीत एक रिकामी जागा सापडली. ऋतुराजच्या वाट्याला सलामीची रांग आली, आणि त्या रांगेत रोहित शर्मा, गिल, यशस्वी जयस्वाल, ईशान किशन, अभिषेक शर्मा. गहुंजेला ऋतुराजचीही एक मोठी खेळी आहे. १ मे २०२२ रोजी हैदराबादविरुद्ध ५७ चेंडूंत ९९, डेव्हन कॉनवेसोबत १८२ ची सलामी. तो सामना चेन्नईने जिंकला, पण शतक एका धावेने हुकलं.

जुलै २०२४ मध्ये झिम्बाब्वेत त्याने ७, नाबाद ७७ आणि ४९ धावा केल्या, त्याही सलामी सोडून खालच्या क्रमांकावर. लगोलग निवडलेल्या श्रीलंका दौऱ्याच्या संघात त्याचं नाव नव्हतं. हा निर्णय मला आजही पटत नाही. २३ टी-२० सामने, ६३३ धावा, सरासरी ३९.५६. आकडे तिथेच थांबले. २०२५ च्या आयपीएलमध्ये कोपराच्या दुखापतीने पाच सामन्यांनंतर त्याचा हंगाम संपला.

एकदिवसीय संघात तो जवळजवळ दोन वर्षांनी परतला. रांचीला ८. रायपूरला चौथ्या क्रमांकावर येऊन ८३ चेंडूंत १०५, कोहलीसोबत १९५ ची भागीदारी. मुख्यतः सलामीला खेळलेल्या माणसाने मधल्या षटकांत फिरकीला पायांचा वापर करून खेळावं, एकेरी-दुहेरी धावा पळाव्यात आणि धावगती कुठेही ढळू देऊ नये, हे सोपं नाही. भारत ५ बाद ३५८. दक्षिण आफ्रिकेने चार चेंडू राखून ते पार केलं. पुढच्या सामन्यात विशाखापट्टणमला त्याच्यावर फलंदाजीची वेळच आली नाही. जानेवारीत न्यूझीलंडविरुद्ध संघ जाहीर झाला तेव्हा श्रेयस अय्यर परतला होता आणि ऋतुराज बाहेर होता. शेवटच्या एकदिवसीय डावात शतक, आणि संघात जागा नाही.

श्रेयसने ती जागा कमावलेली आहे, त्याच्याविषयी तक्रार नाही. तक्रार आहे ती नऊ एकदिवसीय सामने पाच वेगवेगळ्या मालिकांत तुकड्यातुकड्याने देण्याच्या पद्धतीविषयी. ज्याची फलंदाजीच सावकाश रुजून मग उसळणारी आहे, त्याला एका मालिकेपुरतं बोलावून पारखता येत नाही. सलामी असो की चौथा क्रमांक, एक जागा ठरवून सलग आठ-दहा सामने त्याच्या हाती द्यावेत. एवढी मागणी नऊ सामन्यांतल्या २२८ धावांच्या आधारावरही रास्त आहे.