ईदचे कपडे, खारा वारा आणि इहरामची पेटी

दिवाळी भर पावसाळ्यात कधी येत नाही. ईद येते. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे बत्तीस-तेहतीस वर्षांत ईद सगळ्या ऋतूंतून फिरून येते. २०१७ साली ईदुल फित्र २६ जूनला होती, २०१८ मध्ये १६ जूनला. म्हणजे दोन्ही वर्षी नवे कुर्ते अंगावरून उतरले ते पावसातच. २०२५ मध्ये हीच ईद ३१ मार्चला, कडक उन्हाळ्याच्या तोंडावर आली. पण त्याच वर्षी मान्सून २५ मेला देवगडपर्यंत पोहोचला आणि बकरी ईद ७ जूनला. तेव्हा ‘ईदचे कपडे धुऊन, वाळवून कपाटात ठेवा’ हा सल्ला सांगायला सोपा आहे. पण कोणत्या उन्हात वाळवायचे, हा प्रश्न आपल्या घरांत दरवर्षी वेगळा असतो.

मालवणजवळच्या देवबागेत तर हा प्रश्न आणखी अवघड होतो. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदी आणि दोघांच्या मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. काही ठिकाणी समुद्राच्या लाटा आणि नदीतल्या होडीचे इंजिन हे दोन्ही आवाज एकाच पडवीत ऐकू येतात. पर्यटकांना हे फार आवडते. कपाटातल्या कपड्यांना मात्र दोन्ही बाजूंनी ओल. सिंधुदुर्गात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता दिवसेंदिवस ८० टक्क्यांच्या वर राहते. कापडावर बुरशी धरायला ६५ ते ७० टक्के पुरतात.

अलीकडे ईदला, निकाहला लिननचे कुर्ते आणि शर्ट फार दिसू लागले आहेत. मुंबईहून, आखातातून येणारी मंडळी हटकून लिनन आणतात. पुरुषांना रेशीम वर्ज्य असल्यामुळे भारी कापड घ्यायचे तर सुती किंवा लिनन हीच निवड उरते, आणि लिनन उकाड्यात अंगाला गारही वाटते. हे कापड जवसाच्या झाडाच्या खोडातल्या धाग्याचे. आपण ज्याची चटणी खातो तेच जवस. फक्त धाग्यासाठी उंच वाढणारे वाण लावतात, आणि ते बहुतेक फ्रान्स-बेल्जियमकडून येते. या धाग्याचा गुण म्हणजे तो पाणी पटकन ओढतो. साधारण हवेत सुती कापड आपल्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास ओल धरून असते, लिनन बारा टक्क्यांपर्यंत, आणि पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणून घामात लिनन सुखाचे वाटते. आणि म्हणूनच ऑगस्टमध्ये कपाट उघडले की शेजारचा पॉलिएस्टरचा बुरखा कोरा असतो, पण तीन हजारांच्या कुर्त्याच्या काखेत काळे ठिपके.

यात दोष हवेचा जितका, तितकाच मिठाचा. समुद्राकडच्या अंगणात दोरीवर कपडे टाकले की खाऱ्या वाऱ्याबरोबर बारीक क्षार येऊन कापडावर बसतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण जिभेला कळतात. साधे मीठ ७५ टक्क्यांच्या वरच्या आर्द्रतेत स्वतःच पाणी ओढू लागते, आणि समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, ते तर त्याच्या निम्म्याहून कमी ओलीतही पाझरतात. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते तेच कपाटात कापडाच्या घडीत घडते. उन्हात खडखडीत वाळवलेला कुर्ता महिन्याभराने दमट लागतो त्याचे कारण हे.

शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, ते इथे कामाला येते. रात्रभर आणि सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. ऊन तापले की तो फिरतो आणि समुद्राकडून खारा वारा सुरू होतो. म्हणून वर्षाचे कपडे वाळवायची वेळ सकाळची. सात-आठला दोरीवर घालावेत आणि वारा फिरला की लगेच आत घ्यावेत, मग ऊन कितीही चांगले असो. दोरी शक्यतो घराच्या नदीकडच्या बाजूला, भिंतीच्या आडोशाला. शेवटचे खळबळणे गोड्या पाण्यात, आणि तेही दोनदा. किनाऱ्यालगतच्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होत असेल, तर रोजचे कपडे त्यात धुवावेत, पण पेटीत जाणाऱ्या कपड्यांसाठी दोन बादल्या गोडे पाणी राखून ठेवावे. आमच्या मते सगळ्या युक्त्यांत हीच सर्वांत मोलाची, आणि तिला पैसेही पडत नाहीत.

धुताना आणखी दोन गोष्टी. खळ किंवा स्टार्च दिलेला कपडा तसाच ठेवू नये. कसरीला पिठूळ खळ फार प्रिय, आणि बुरशीलाही. खळ द्यायची ती पुढच्या ईदच्या आदल्या दिवशी. दुसरे अत्तराचे. अत्तर तेलाचे असते. कॉलरवर, बाहीवर लावलेला थेंब त्या दिवशी दिसत नाही, पण सहा महिन्यांनी तिथे पिवळा डाग उमटतो. अत्तर मनगटाला, मानेला लावावे. कपड्याला लागलेच असेल, तर ती जागा साबणाने चोळून मगच कपडा ठेवावा.

पूर्ण वाळलेला कपडा इस्त्री करून गरम गरम कपाटात ठेवायची सवय पुष्कळ घरांत आहे. इस्त्रीच्या वाफेची ओल घडीत अडकते. तासभर पंख्याखाली ठेवावे. लिननला फार दाबून कडक घड्या घालू नयेत. एकाच रेषेवर वर्षानुवर्षे मोड राहिली की धागा तिथेच तुटतो. सैल गुंडाळी बरी, किंवा घडीत जुन्या मऊ ओढणीची वळी घालावी आणि मधून मधून घडी बदलावी. लाँड्रीच्या प्लास्टिकच्या पिशव्या काढून टाकाव्यात, त्यांत ओल कोंडते. जुनी धुतलेली सुती चादर हे सर्वांत चांगले वेष्टन. वर्तमानपत्राची शाई पांढऱ्यावर उतरते, आणि उघड्या लाकडी फळीवर पांढरे कापड पिवळे पडते. म्हणून फळीवरही चादरच अंथरावी.

कपाट पश्चिमेच्या भिंतीला चिकटवू नये. चिरेबंदी भिंत पावसात ओल धरते. चार बोटे जागा मागे सोडली तरी फरक पडतो. सिलिका जेलच्या पुड्या बंद डब्यात उपयोगी, पण सताड उघड्या कपाटात त्यांचा काही उपयोग नाही, त्या चार दिवसांत भरून जातात. रंग बदलला की गरम करून पुन्हा वापरता येतात. कपाटात बल्ब लावून ठेवण्याची युक्ती काही जण सांगतात. कापडाजवळ तापलेला बल्ब आणि मालवणकडची पावसाळ्यातली वीज हे एकत्र आणायला आमचे मन धजत नाही. ज्यांच्या घरी निवास-न्याहारीच्या खोल्या आहेत त्यांच्याकडे तर पावसाळ्यात पर्यटक थांबले की चादरींचे गठ्ठेच्या गठ्ठे पडून असतात. ते पत्र्याच्या बंद डब्यांत, कोरड्या दिवशी भरून, ऑगस्टच्या उघडिपीत एकदा बाहेर काढावेत.

आता डांबरगोळ्या. इथे थोडे थांबायला हवे, कारण हा कपड्यांपेक्षा बाळांचा प्रश्न आहे. पहिली गोष्ट म्हणजे या गोळ्या लोकरीला आणि रेशमाला लागणाऱ्या किड्यांसाठी असतात. ते किडे सुती किंवा लिनन खात नाहीत. बुरशीवर तर या गोळ्यांचा भरवसाच धरू नये. म्हणजे आपण कुर्त्यांच्या कपाटात गोळ्या टाकतो त्या केवळ सवयीने. दुसरी गोष्ट गंभीर आहे. नॅप्थलीनच्या गोळ्यांत ठेवलेली दुपटी, अंगडी, टोपरी काढून तशीच नवजात बाळाला घातली, तर ते रसायन श्वासातून आणि कातडीतून अंगात जाते. तेलाने मालीश केलेल्या अंगात ते जास्त मुरते, आणि आपल्याकडे बाळाला तेल लावल्याशिवाय दिवस जात नाही. काही मुलांच्या रक्तात जन्मतःच जी-सिक्स-पीडी नावाचे घटकद्रव्य कमी असते. अशा बाळाच्या तांबड्या पेशी फुटू लागतात, अंग पिवळे पडते, लघवी गडद होते. कमतरता आहे की नाही हे वरून कळत नाही. मोठ्या भावंडाचे कपडे धाकट्यासाठी जपणे चांगलेच, पण त्यांत गोळी टाकू नये. आधीच टाकली असेल, तर कपडे धुऊन कित्येक दिवस मोकळ्या हवेत ठेवावेत आणि वास पूर्ण गेल्यावरच वापरावेत. बाळ पिवळे दिसले तर डॉक्टरांना कपड्यांचीही हकीकत सांगावी. ते स्वतःहून विचारतीलच असे नाही.

गोळ्यांऐवजी काय? निर्गुडीचा वाळलेला पाला, लवंगा, वाळ्याची जुडी. यांचा वास चांगला, कसर थोडी दूर राहते. याहून जास्त अपेक्षा त्यांच्याकडून करू नये. कोरडेपणाला पर्याय नाही.

सर्वांत नाजूक पेटी हाजींची. हजहून आणलेले इहरामचे दोन पांढरे कपडे, कुठे कफनासाठी जपलेले, जमजममध्ये भिजवून वाळवलेले कापड, पलंगाखाली पत्र्याच्या ट्रंकेत. इहराममध्येच दफन व्हावे अशी काही सक्ती नाही, कोणतेही स्वच्छ कापड चालते. पण म्हाताऱ्या माणसाने तसे बोलून ठेवलेले असते, आणि घरच्यांना ते पाळायचे असते.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा तालुक्यातल्या एका ओळखीच्या घरात पाणी शिरले. पलंगाखालची ट्रंक भिजली. वीज नव्हती, ऊन नव्हते. घरातल्या चाचींनी इतर सगळे सोडून आधी इहराम बाहेर काढला आणि वाळत घातला नाही. पावसाचे पागोळीचे पाणी धरून त्यात तो पाच-सहा वेळा खळबळला. हे अगदी बरोबर होते. मीठ एकदा वाळून धाग्यात बसले की काढणे अवघड. एका कोपऱ्याला ट्रंकेचा गंज लागला होता. कोणीतरी ब्लीच आणायला सांगितले, ते त्यांनी ऐकले नाही. क्लोरीनच्या ब्लीचने गंजाचा डाग आणखी पक्का होतो. लिंबाचा रस आणि मीठ लावून, ओले ठेवून उन्हात, मग भरपूर गोडे पाणी, असे तीन सकाळी केल्यावर डाग फिकट चहाच्या रंगाएवढा उरला. दोन वर्षांनी ते कापड हाजीसाहेबांच्या कामी आले. डागाचा कोपरा आतल्या घडीत गेला.

त्या घरात ट्रंक आता जमिनीवर नसते. दोन चिऱ्यांवर फळी आणि त्यावर ट्रंक. आत सगळीकडून चादर, म्हणजे कापड पत्र्याला कुठेच टेकत नाही. ट्रंकेच्या कडांना आतून रंगाचा हात दिलेला. इहराममध्ये अत्तर नाही, कापूर नाही. कापूर लागतो तो त्या वेळी लागतो, पेटीत नव्हे. दरवर्षी पाऊस सुरू होण्याआधी, मेच्या पहिल्या पंधरवड्यात ट्रंक उघडतात, सकाळचा वारा देतात आणि वेगळ्या मोडीवर घडी घालतात.

ज्यांच्या पेटीत आधीच बुरशी दिसली आहे त्यांनी कपडा घरात झटकू नये. बाहेर नेऊन, नाकाला रुमाल बांधून ब्रशने झाडावा. दम्याच्या माणसाने हे काम करू नये. मग गरम पाणी, साबण, ऊन. कोवळी करडी बुरशी जाते. काळे ठिपके धाग्यात मुरले असतील, तर पांढऱ्या कपड्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडचे पातळ पाणी लावून पाहता येते, रंगीत कपड्यावर मात्र नको. कपाटही रिकामे करून, कोरड्या फडक्याने पुसून, दारे उघडी ठेवून दोन दिवस वाळवावे. नाहीतर धुतलेला कपडा परत त्याच बुरशीत जातो.