आधी समुद्र, मग मेंदी

समुद्रकिनाऱ्यावर मेंदी काढून घ्यायची असेल, तर आधी मनसोक्त डुंबून घ्यावं, गोड्या पाण्याने अंग धुवावं आणि मगच हात पुढे करावा. हा क्रम मला कळंगुटच्या किनाऱ्यावर बसणाऱ्या एका राजस्थानी बाईने सांगितला आणि तो सांगताना समोर आलेलं गिऱ्हाईक सरळ परत पाठवलं. गिऱ्हाईक म्हणजे माझी मुलगी. तिच्या मनगटावर बाईने नुसता अंगठा फिरवून पाहिला. "क्रीम लगाया है. रंग नहीं चढ़ेगा. नहा के आओ."

सकाळीच सगळ्यांनी हातापायांना सनस्क्रीन फासलेलं होतं. तो तेलकट थर मध्ये असला की मेंदी कातडीपर्यंत पोचतच नाही. शिवाय मेंदी ओली असताना वाळूचा एक कण जरी उडून बसला, तरी तेवढ्या जागी नक्षी उठत नाही. आणि लेप काढल्यावर लगेच खाऱ्या पाण्यात गेलं, की रंग चढण्याआधीच उतरायला लागतो. समुद्र आणि मेंदी यांचं खरं तर मुळीच जमत नाही. तरीही गोव्याच्या बहुतेक गजबजलेल्या किनाऱ्यांवर मेंदीवाल्या दिसतात, कारण सुट्टीवर आलेल्या माणसाचे हात रिकामे असतात. घरी कुठे तासभर दोन्ही हात नुसते धरून बसता येतं?

दुपार कलल्यावर आम्ही पुन्हा गेलो. बाईचं दुकान म्हणजे एक चटई, दोरीने खुंटीला बांधलेली छत्री आणि झाकणाची प्लास्टिकची टोपली. टोपलीत ओल्या फडक्यात गुंडाळलेले कोन, टाचण्या, कापूस, निलगिरी तेलाची छोटी बाटली आणि नक्ष्यांचा एक अल्बम. अल्बमची पानं समुद्राच्या हवेने फुगली होती आणि तो तिने एकदाही उघडला नाही. कोन तिने स्वतः वळलेले होते. बाजारातला तयार कोन का नाही, असं विचारलं, तर तिने नाक मुरडलं. पूड मलमलीच्या ओढणीतून गाळायची, लिंबाचा रस घालून रात्रभर झाकून ठेवायची, सकाळी थोडी साखर आणि निलगिरी तेल मिसळून घोटायची. पूड जाडीभरडी राहिली तर कोनाच्या तोंडाशी गाठ अडकते, आणि अडकलेला कोन दाबला की गिऱ्हाइकाच्या हातावर डाग पडतो. तो डाग पुसून जात नाही. म्हणून सगळ्यात जास्त वेळ गाळण्यात जातो, काढण्यात नाही.

मग तिने काढायला सुरुवात केली. मी आजवर समजत होते की कोनाने कातडीवर रेघ ओढतात. ती ओढत नव्हती. कोनाचं टोक हातापासून किंचित वर धरलेलं, त्यातून मेंदीची तार सुटायची आणि ती तार ती हातावर निजवत जायची. साखरेचं काम इथे कळतं. साखरेने मेंदी चिवट होते, तार तुटत नाही. तिची करंगळी मुलीच्या मनगटावर टेकलेली होती, आणि वळण घ्यायचं असलं की ती कोन फारसा हलवत नव्हती. डाव्या हाताने मुलीचाच हात फिरवत होती. पानाचं टोक आलं की अंगठ्याचा दाब सोडायचा, कोन झटकन वर उचलायचा. चुकून कुठे जाड थेंब पडलाच, तर नखाच्या कडेने तो ओढून त्याचं पान करून टाकायची. आधी काही आखलेलं नाही. वेल मनगटाशी सुरू झाली आणि तर्जनीच्या पेरापाशी संपली. सुट्टीवरच्या लोकांना अशी एकाच बोटावर जाणारी वेल आवडते, ती म्हणाली. लग्नाचे भरलेले हात ती गावी काढते. तिचं गाव पाली जिल्ह्यात, सोजतच्या बाजूला. सोजतच्या मेंदीला 2021 साली भौगोलिक मानांकन मिळालं. पावसाळ्यानंतर पाल्याची कापणी आटोपली की ही बाई नवऱ्याबरोबर इकडे येते. म्हणजे शेतातला माल आणि बोटांतली कला, दोन्ही ती एकाच गाडीने आणते.

माझ्या सासूबाई हे सगळं खुर्चीवरून पाहत होत्या आणि त्यांना काहीच पटत नव्हतं. त्यांच्या लेखी मेंदी म्हणजे नागपंचमीची. कुंपणाचा पाला ओरबाडून आणायचा, पाट्यावर काथ घालून वाटायचा, तळहाताच्या मधोमध एक मोठा ठिपका, भोवती लहान ठिपके, आणि बोटांच्या टोकांना टोप्या. त्यावर फडकी बांधून झोपायचं. सकाळी पांघरुणावर किती सांडली यावरून बोलणी खायची. "ही कसली नुसती रेघारेघांची," त्या म्हणाल्या. पण त्यांच्या पद्धतीत एक शहाणपण होतं, ते रसायनशास्त्र सांगतं. मेंदीच्या पाल्यात लॉसोन नावाचं द्रव्य असतं, वाळलेल्या पानात शेकडा एकाच्या आसपास. ते कातडीच्या वरच्या, मृत थरातल्या केराटिन या प्रथिनाला जाऊन चिकटतं. तळहात, तळपाय आणि बोटांची टोकं इथे हा थर सर्वांत जाड, म्हणून रंग तिथेच सर्वांत गडद. दंडावर किंवा पाठीवर हीच मेंदी फिकट बदामी दिसते. सासूबाईंच्या टोप्या आणि ठिपके नेमके जिथे रंग खुलतो तिथेच होते. हल्लीची नक्षी पुष्कळदा मनगटावरून वर कोपराकडे जाते, जिथे तो खुलत नाही.

आणि रंग लगेच येतच नाही. चार-सहा तास लेप ठेवायचा, पाण्याने न धुता खरवडून काढायचा, वर खोबरेल तेल चोळायचं. तेव्हा हात केशरी दिसतो, आणि नवख्या माणसाला वाटतं, फसलो. हवेतल्या प्राणवायूने तो केशरी हळूहळू तांबडा आणि मग तपकिरी होतो, त्याला एक-दोन दिवस लागतात. एवढी वाट बघायला सुट्टीवरचा माणूस तयार नसतो. फोटो आजच काढायचे असतात.

काळी मेंदी याच घाईवर चालते. माझ्या भाच्याला विंचू हवा होता, दंडावर, आणि काळा. थोड्या अंतरावर एक पोरगा प्लास्टिकचे साचे घेऊन फिरत होता: विंचू, ड्रॅगन, नांगर, ओम. साचा दंडावर ठेवायचा, वरून ब्रशने काळं लावायचं, उचलायचं. "दस मिनट, एकदम पक्का." भाच्याने बाही वर केलीसुद्धा होती. मी त्याच्या वाटीचा वास घेऊन पाहिला. मेंदीला ओल्या पाल्याचा, वाळल्या गवताचा वास येतो. याला केस रंगवायच्या रंगाचा येत होता.

मेंदी काळी नसते. दहा मिनिटांत कुळकुळीत काळा रंग देणाऱ्या लेपात बहुधा पॅराफिनिलीनडायअमीन, म्हणजे पीपीडी असतं. केसांच्या कलपात ते वापरतात, पण तिथे त्याचं प्रमाण मर्यादित असतं आणि ते कातडीला लावायचं नाही अशी सूचनाही असते. थेट कातडीवर लावलं तर काहींना काही दिवसांत नक्षीच्या अचूक आकारात पुरळ आणि फोड येतात. विंचू बरा होतो, त्याची खूण राहते. त्याहून वाईट गोष्ट पुढे घडते. एकदा का शरीराने पीपीडीशी वैर धरलं, की ते बहुधा जन्मभराचं. बाराव्या वर्षी समुद्रावर काढलेल्या विंचवाचा हिशेब चाळिशीत पहिल्यांदा केस रंगवताना चुकता करावा लागतो, आणि तेव्हा डॉक्टरांना त्या विंचवाबद्दल सांगायचं कुणाला आठवतं? अमेरिकेतल्या त्वचाविकारतज्ज्ञांच्या एका संघटनेने 2006 साली पीपीडीला त्या वर्षाचं सर्वांत लक्षवेधी ॲलर्जीकारक द्रव्य ठरवलं होतं, त्यामागे ही सुट्टीतली टॅटूबाजी हे एक कारण होतं.

यातलं निम्मं भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "मामी, तू प्रत्येक गोष्टीत डॉक्टर आणतेस." शेवटी राजस्थानी बाईनेच तोडगा काढला. साचा न वापरता तिने तिच्या कोनाने त्याच्या दंडावर विंचू काढला, नांगीचा आकडा तर फारच ऐटदार. सहा तासांनी लेप निघाल्यावर मात्र त्याचा चेहरा पडला. "हा तर गाजराचा विंचू झाला!"

दुसऱ्या दिवशी बुधवार होता, म्हणजे हणजूणचा बाजार. सत्तरच्या दशकात हिप्पींनी आपलं किडुकमिडुक विकून परतीचे पैसे उभे करण्यासाठी तो सुरू केला. आता तिथे सगळा भारत विकायला बसतो. काश्मिरी शाली, तिबेटी मण्यांच्या माळा, राजस्थानी पांढऱ्या धातूची कडी, चन्नपट्टणची लाकडी खेळणी. ही खेळणी मला आवडतात. लेथवर फिरत्या लाकडाला लाखेची कांडी टेकवायची, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून चढते आणि केवड्याच्या जातीच्या पानाने घासून तिला चकाकी आणतात. पण ती कर्नाटकातली. गोव्याचं म्हणावं असं काय, तर काजू, मसाले आणि फ्रिजवर चिकटवायच्या मासोळ्या. डिचोलीच्या कुंभारांची मातीची भांडी पाहायची तर शुक्रवारी म्हापशाला जावं. हणजूणला ती शोधून दमायला होतं.

शंख-शिंपल्यांच्या दुकानांशी मी मुलांना थांबू देत नाही. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत 2001 साली समुद्री घोडे, प्रवाळ आणि काही जातींचे शंख यांची भर पडली. दुकानदार "सब लीगल है" म्हणतो, पण टोपलीतला कुठला शंख यादीतला आणि कुठला बाहेरचा, हे ओळखण्याइतकं आपल्याला कळतं का?

बाजारात खरी खिळून राहिले ती एका लमाणी बाईपाशी. मांडलेल्या उशांच्या खोळी आणि पिशव्या यंत्रावर शिवलेल्या, आरशांच्या जागी प्लास्टिकच्या टिकल्या. पण तिच्या अंगावरची चोळी! खरे आरसे, भोवती दाट टाक्यांची कडी, काठाला कवड्या आणि जुनी नाणी. ही केवढ्याला, असं मी गमतीने विचारलं. तिने पदर ओढून घेतला आणि हसली. ती आईने शिवलेली होती. तशी शिवायला किती दिवस लागतात, असं विचारल्यावर तिने नुसता हात हवेत फिरवला आणि पुन्हा पिशव्यांची किंमत सांगायला लागली. हाताने केलेल्या कामाला लागणारा वेळ वाळूत बसून वसूल होत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

परतताना हायवे सोडून सावंतवाडीत शिरलो. चितार आळीत लाकडी फळं मांडलेली असतात: आंबे, केळी, सीताफळं, पूर्वी हलक्या पांगाऱ्याच्या लाकडाची करत. सासूबाईंचा जीव तिथे रमला. मला मात्र राजवाड्यात जायचं होतं, तिथे दरबारात बसून कारागीर गंजिफा, म्हणजे खेळायचे जुने पत्ते, रंगवतात आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला बघू देतात. दशावतारी गंजिफाचे पत्ते 120. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार, प्रत्येकाचे बारा पत्ते: एक राजा, एक प्रधान, आणि एक्क्यापासून दहापर्यंत. पत्ते गोल. कापडाला चिंचोक्याची खळ लावून, घोटून गुळगुळीत करून त्यावर रंगवायचे, मग लाखेचा थर द्यायचा, ही जुनी रीत. खेळणारे संपत आले तशी ही कला बुडायला लागली होती. सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी ती जाणत्या चितार्‍यांकडून समजून घेऊन पुन्हा उभी केली. आज हे पत्ते खेळायला कोणी घेत नाही, भिंतीवर लावायला घेतात.

आम्ही ज्याच्याजवळ उभे राहिलो तो कारागीर कूर्माच्या पत्त्याची किनार काढत होता. करंगळी टेकलेली, ब्रश स्थिर, आणि डाव्या हाताने पत्ता फिरवत नेलेला. मुलीने मला कोपराने ढोसलं. तिच्याही ते लक्षात आलं होतं. एव्हाना तिच्या हातावरची वेल गडद तपकिरी झाली होती आणि भाच्याचा विंचूही दंडाच्या मानाने बरा रंगला होता. तो बाही वर करूनच हिंडत होता. कारागिराने ब्रश पाण्यात टाकला आणि मुलीचा हात उजेडाकडे वळवून पाहिला. "रेग बरी आसा. कोणी काढल्यान?"

मुलीने कळंगुटच्या बाईचं सगळं सांगितलं, गाळणं, साखर, हवेतून सोडलेली तार. त्याने दोन-तीन प्रश्न विचारले. तार किती जाड, कोनाला काय गुंडाळते, हात थरथरला तर काय करते. नखाने ओढून पान करते हे ऐकून तो मान हलवत हसला. त्याच्या कामात तशी सोय नाही, वाळलेला रंग खरवडावा लागतो.

सासूबाईंनी मग पूर्ण संचाची किंमत विचारली आणि ऐकून माझ्याकडे पाहिलं. कळंगुट ते हणजूण त्यांनी एकही वस्तू सांगितल्या भावात घेतली नव्हती, निम्म्यापासून सुरुवात हा त्यांचा नियम. इथेही त्यांनी निम्मी सांगितली. कारागिराने ब्रश पुन्हा उचलला.

"ह्याच्यात कमी करूक जमाचा नाय, आजी."

संच परवडण्यातला नव्हता. भाच्याने पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक सुटा नरसिंह घेतला आणि सासूबाईंनी चितार आळीत परत जाऊन, घासाघीस करून, दोन लाकडी आंबे.