संगणक परवलीचा शब्द पुन:पुन्हा का मागतो?

शाळेतील संगणकावर उबुंटूसारखी लिनक्स प्रणाली असल्यास, नवे सॉफ्टवेअर बसविताना वा व्यवस्थेत बदल करताना परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, वारंवार मागितला जातो व वर्ग खोळंबतो, अशी शिक्षकांची तक्रार असते. तक्रार रास्त आहे. तथापि शब्द नाकारला जातो, की स्वीकारूनही पुन्हा मागितला जातो, हे प्रथम पाहावे.

नाकारला जात असल्यास दोष बहुधा कळफलकाचा असतो. मराठी मजकूर लिहिल्यावर कळफलक देवनागरीतच राहतो, किंवा कॅप्स लॉक चालू असते. अक्षरांऐवजी ठिपके उमटत असल्याने चूक नजरेस येत नाही. टर्मिनलमध्ये तर बहुधा ठिपकेही दिसत नाहीत. तोच शब्द साध्या मजकुरात लिहून पाहावा व तत्काळ पुसावा. अर्थात मुले मागे उभी नसताना! कळफलक ठीक असूनही शब्द चालत नसेल, तर शिक्षकाचे खाते प्रशासकाच्या गटात नसावे. हा गट उबुंटूत 'सूडो' व फेडोरात 'व्हील' या नावाचा असतो. खाते गटात घातल्यावर एकदा बाहेर पडून पुन्हा प्रवेश केल्याखेरीज अधिकार लागू होत नाही.

शब्द स्वीकारून पुन्हा मागणे हा मात्र बिघाड नव्हे. १९८० च्या सुमारास बफलो येथील विद्यापीठात जन्मलेली 'सूडो' ही आज्ञा दिलेला शब्द थोडाच वेळ ग्राह्य धरते. उबुंटूत ही मुदत सामान्यत: १५ मिनिटांची असून ती त्या एका टर्मिनलपुरतीच असते. दुसरी खिडकी उघडताच पुन्हा विचारणा होते. चित्रमय खिडक्यांतून विचारणारी 'पोलकिट' ही व्यवस्था निराळी. तिच्यात प्रत्येक कामाचा नियम स्वतंत्र असतो. म्हणून अशी कामे एका बैठकीत, एकाच टर्मिनलमधून उरकावीत.

संगणक सुरू होताच 'कीरिंग' शब्द मागत असेल, तर त्याचा प्रशासकीय अधिकाराशी संबंध नाही. तो साठविलेल्या गुप्त शब्दांचा जुडगा होय. आपोआप प्रवेशाची सोय बंद केल्यास तो सहसा प्रवेशाच्या शब्दानेच उघडतो.

विचारणा कायमची बंद करण्याचा सल्ला काही जण देतात. शाळेत तो मानू नये. हजेरी व निकाल ज्यात आहेत, तो संगणक मग कोणाच्याही हाती मोकळा राहील. फारच गरज भासल्यास एखाद्या ठरावीक आज्ञेपुरतीच सूट द्यावी, आणि नियमांची फाईल 'व्हीसूडो' या आज्ञेनेच उघडावी. जतन करण्यापूर्वी ती लेखनातील चूक दाखविते; अन्य मार्गाने झालेल्या चुकीमुळे सूडोच बंद पडू शकते.