ट्रॉलीत माणसं बसवताय? अपघात झाला तर भरपाई मालकाच्या अंगावर

निफाड, दिंडोरी, चांदवड पट्ट्यात कांदा लागवड असो की द्राक्षाची छाटणी, मजूर आणायचे म्हटले की ट्रॉली जोडली जाते. पेठ-सुरगाण्याकडून आलेली टोळी या शिवारातून त्या शिवारात न्यायला वेगळी गाडी कोण करणार? लग्नाचं वऱ्हाड, वणीच्या गडाची यात्रा, सगळं त्याच ट्रॉलीत. वर्षानुवर्षं चालतंय म्हणून ते कायद्यात बसतं, असा आपला समज झालाय. तो चुकीचा आहे.

शेतीचा ट्रॅक्टर म्हणजे नांगर-रोटर चालवायला आणि ट्रॉलीतून शेतमाल, खत, बियाणं न्यायला. माणसं न्यायला नाही. चालकाशिवाय कोणालाही ट्रॅक्टरवर बसवायला मनाई आहे, मडगार्डवरसुद्धा.

"आम्ही कुठे हायवेला जातो, शेतातच तर जायचं" असं बरेच जण म्हणतात. 4 एप्रिल 2025 ला नांदेड जिल्ह्यात आलेगाव शिवारात मजूर बायांना घेऊन निघालेला ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत गेला. 7 बाया गेल्या. वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या, हळदीच्या कामाला निघालेल्या. तिथेही हायवे नव्हता, शेतच होतं.

खरी गोम विम्यात आहे. ट्रॅक्टरचा विमा काढला म्हणजे ट्रॉलीतल्या माणसांचाही निघाला, असं होत नाही. ब्रिजमोहन खटल्यात सुप्रीम कोर्टाने 2007 मध्ये हेच सांगितलं. ट्रॉलीवर बसलेल्या मजुराची भरपाई विमा कंपनीवर येत नाही. मजूर गरीब म्हणून कोर्टाने खास अधिकारात कंपनीला आधी पैसे द्यायला लावले, पण ते मालकाकडून वसूल करायची मुभा देऊन. म्हणजे फिरून बोजा आपल्याच सातबाऱ्यावर.

लायसनबाबत मात्र दिलासा आहे. मोकळं वजन 7,500 किलोपर्यंत असलेला ट्रॅक्टर हलक्या वाहनाच्या, म्हणजे एलएमव्ही लायसनवर चालतो. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 ला हे पक्कं केलंय. पण वय 18 हवंच. नववीतलं पोरगं ट्रॅक्टर चालवतं याचं आपल्याकडे कौतुक होतं. 2019 च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालक किंवा मालकाला 25,000 रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि पोराला 25 वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. विनालायसन चालवणाऱ्याला 5,000 दंड, त्याच्या हातात चावी देणाऱ्या मालकालाही तेवढाच. दारू पिऊन पहिल्यांदा सापडला तर 10,000 दंड, 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

रस्त्यावर निघताना एक गोष्ट बरेच जण विसरतात. शेतात वळण घ्यायला ट्रॅक्टरचे दोन ब्रेक वेगवेगळे ठेवतो, ते रस्त्यावर येण्याआधी पट्टीने जोडून घ्या. नाहीतर वेगात एकच ब्रेक दाबला जातो आणि ट्रॅक्टर फिरतो. नांदुरीच्या घाटासारख्या उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नका, मागची ट्रॉली ढकलत आणते. मोठ्याने डेक लावला की मागच्याचा हॉर्न ऐकू येत नाही. ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर लावा. रात्री बंद पडलेली उसाची ट्रॉली मोटरसायकलवाल्याला दिसत नाही, आणि कडेला ठेवलेले दगडही दिसत नाहीत. काम झाल्यावर ते दगड तरी उचलत जा.

मजुरांसाठी पिकअप केली तरी सुटका नाही, तीही मालवाहू गाडीच. प्रवासी परवाना असलेली काळीपिवळी किंवा मिनीबस तीन-चार शेतकऱ्यांनी मिळून ठरवली तर भाडं वाटून घेता येतं. ठरवताना परवाना आणि विम्याची तारीख बघून घ्या, मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा.