सेवेतली घाई आणि देवाची वेळ



इथे बेंगळुरूत, सर्जापूर रोडच्या आसपास राहणारी बरीच मराठी ख्रिस्ती कुटुंबं आयटीत नोकरी करतात. कोणी नगरचं, कोणी सोलापूरचं, कोणी बेळगावचं. त्यांच्यातल्या तरुणांकडून एक प्रश्न मला पुन्हा पुन्हा येतो : "पास्टर, देवाचं पाचारण आहे. नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत उतरू का?" त्याच्या मागोमाग हळूच दुसरं वाक्य येतं, "पण घरचे तयार नाहीत." आज आपण या दुसऱ्या वाक्याविषयी बोलू.

यासाठी मला नारायण वामन टिळकांचं उदाहरण फार मोलाचं वाटतं. १८९३ मध्ये रेल्वेच्या प्रवासात एका परदेशी माणसाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं सांगितलं. टिळकांनी ते पुस्तक वाचलं, स्वतःशी झगडले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा नातेवाइकांकडे होत्या. बातमी कळली आणि त्यांच्यावर आभाळच कोसळलं. पुढची काही वर्षं दोघं वेगळी राहिली.

नंतर लक्ष्मीबाई मुलाला, दत्तूला घेऊन नगरला आल्या, पण आपला धर्म आणि सोवळं सोबत घेऊनच. आजूबाजूला ख्रिस्ती माणसं, आणि यांचं पाणी वेगळं, चूल वेगळी. टिळक स्वभावाने तापट होते, तरी पत्नीचा निर्णय त्यांनी स्वतःच्या हातात घेतला नाही. माणसामाणसांतला जातिभेद देवाने केलेला नाही, हे लक्ष्मीबाईंना त्यांच्या स्वतःच्या विचारातून उमगलं. मग सोवळं सुटलं, आणि टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर सुमारे पाच वर्षांनी त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

या थांबण्याचं फळ पाहा. १९१९ मध्ये टिळक प्रभूकडे गेले, तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' अपुरं होतं. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. त्यांची 'स्मृतिचित्रे' तर सगळा महाराष्ट्र वाचतो. ओढून-ताणून आणलेल्या माणसाच्या हातून असं काम झालं असतं का?

यातून मी एक गोष्ट शिकतो. वेळ ओळखताना आपण दोन घड्याळं एकात मिसळतो. एक माझ्या आज्ञापालनाचं, दुसरं समोरच्याच्या विश्वासाचं. पहिल्या घड्याळाचा जाब देव मला विचारेल. दुसऱ्याला किल्ली देणं माझं काम नाही.

पण टिळकांकडे बोट दाखवून कोणी घर टाकून निघू नये. त्यांच्या निर्णयाची किंमत लक्ष्मीबाईंनीही मोजली, आणि ती हलकी नव्हती. त्या काळी ब्राह्मण घरात बाप्तिस्म्याचा विचार उघड बोलणंही कठीण होतं. तुम्हाला पत्नीशी बोलायला कोण अडवतंय? कंपनीला आपण रीतसर नोटीस पिरियड देतो, आणि घरच्यांना मात्र एका रात्रीत निर्णय ऐकवतो!

शिवाय टिळकांनी मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' सुरू केला तो १९१७ मध्ये, वीसहून अधिक वर्षं सेवा केल्यानंतर.

पवित्र शास्त्रातही दोन्ही बाजू दिसतात. १ शमुवेल १३ मध्ये शौल राजा गिलगालात सात दिवस थांबला. पण लोक पांगू लागले तसा त्याचा धीर सुटला, आणि त्याने स्वतःच होमार्पण केलं. अर्पण संपतं न संपतं तोच शमुवेल आला. उलट प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये आत्म्याने पौलाला आशियात अडवलं, बिथुनियाकडेही जाऊ दिलं नाही. पौल थांबला. पण मासेदोनियाचा दृष्टांत होताच तो तयारीला लागला. थांबवणारा आणि पाठवणारा आत्मा एकच.

मग ओळखायचं कसं? स्वतःला तीन प्रश्न विचारा. मी थांबलोय ते प्रेमापोटी की भीतीपोटी? भीतीमागे पगार आणि ईएमआय असेल, तर तसं देवासमोर कबूल करा. दुसरा प्रश्न : मी निघालोय ते पाचारणामुळे, की बॉसला कंटाळून? तिसरा : आज हाताशी असलेली सेवा मी करतोय का? सोसायटीतल्या आजारी शेजाऱ्याची विचारपूस करायला राजीनामा लागत नाही.

या आठवड्यात एवढं करा. पती-पत्नींनी एक संध्याकाळ मोबाइल बाजूला ठेवून बसा. तुमचं पाचारण सांगा, आणि मग समोरच्याची भीती पूर्ण ऐकून घ्या. मध्ये वचनं सांगून तिला गप्प करू नका. मग दोघं मिळून प्रार्थना करा. उत्तर त्याच दिवशी मिळालं नाही तरी चालेल, पुन्हा बसा.

प्रभू तुम्हाला थांबायला धीर देवो, आणि वेळ आली की निघायला धैर्य देवो. आमेन.