मेट्रोत एकटंच हसू येतं तेव्हा...

नोएडा इलेक्ट्रॉनिक सिटीहून ब्लू लाइनने राजीव चौक गाठायला जवळजवळ तास लागतो. एका हातात दांडा, दुसऱ्या हातात मोबाइल. अशा अवस्थेत वाचायला चार चौकटींच्या चित्रकथेइतकं सोयीचं काही नाही. एकटंच हसू आलं की शेजारचे वळून बघतात, पण त्याची आता सवय झाली आहे.

तुम्हीही याच पंथातले असाल, तर सुरुवात नागपूरपासून करा. तिथले रोहन चक्रवर्ती शिकले दंतवैद्यक, पण २०१० पासून 'ग्रीन ह्यूमर' ही चित्रमालिका काढतात. पक्षी, बेडूक, वाघ माणसांची टर उडवतात आणि हसता हसता तो प्राणी कायमचा लक्षात राहतो. भाषा इंग्रजी आहे, पण चित्रंच निम्मं बोलतात.

दुसरी शिफारस रँडल मन्रो यांच्या 'एक्सकेसीडी'ची. मन्रो पूर्वी नासात रोबोटवर काम करायचे. त्यांची माणसं काड्यांची, पण विनोद भौतिकशास्त्रापासून प्रेमभंगापर्यंत कशावरही. एक सूचना, मोबाइलवर 'ऑल्ट टेक्स्ट'वर टॅप करायला विसरू नका. खरा टोला बरेचदा त्या लपलेल्या ओळीतच असतो.

माझ्या घरात मात्र या छंदाला वेगळंच वळण लागलं. मुलगा बारा वर्षांचा. शाळेत हिंदी असल्यामुळे देवनागरी भराभर वाचतो, अडतो तो शब्दांवर. एकदा नागपूरहून आजीचा मेसेज आला, 'आठवडाभर फोन नाही, मला राग आला आहे.' याने वाचलं आणि विचारलं, "आई, आजी गाणं शिकतेय का?" आम्ही खूप हसलो. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. रागावलेली आजी ज्याला कळत नाही, त्याला पुढे आजी कितीशी कळणार?

उपदेश करून उपयोग नव्हता. मग आजीनेच 'चिंटू' पाठवायला सुरुवात केली. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा हा पोरगा १९९१ पासून मराठी घरांत खोड्या करतो आहे. रोज एक पट्टी, त्यात फार तर दोन अनोळखी शब्द. ते विचारायला फोन करावाच लागतो. बदल्यात नातू तिला 'ग्रीन ह्यूमर' मराठीत समजावतो. धनेशाला मराठीत काय म्हणतात, हे त्याला आजीनेच सांगितलं.

विज्ञानकादंबऱ्यांचं म्हणाल, तर हलकंफुलकं लिहिणं गंभीर लिहिण्यापेक्षा कठीण, असं माझं मत. अँडी वीअर हे 'द मार्शियन'चे लेखक आधी वेबकॉमिक काढायचे. ही कादंबरीही त्यांनी सुरुवातीला स्वतःच्या वेबसाइटवर प्रकरणाप्रकरणाने टाकली होती. मंगळावर एकटा अडकलेला माणूस बटाटे पिकवतो आणि विनोद करत जिवंत राहतो. मार्था वेल्स यांच्या 'ऑल सिस्टम्स रेड'मधला रक्षक रोबोट स्वतःवरचं नियंत्रण तोडतो आणि मोकळं झाल्यावर काय करतो? मालिका बघत बसतो! आमच्या घरातल्या सगळ्यांना तो अगदी जवळचा वाटला.

मराठीत हवं असेल तर जयंत नारळीकर. त्यांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावाने कथा पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. आद्याक्षरं उलटी केली की गंमत कळते. त्यांची 'उजव्या सोंडेचा गणपती' ही कथा क्रिकेटवेड्या मुलांना द्या. डावं-उजवं बदलण्याचं गणित ती मुलं कागदाची पट्टी पिळून स्वतःच करून बघतात. आमच्याकडे सेलोटेपचं एक रीळ त्यात संपलं.

सध्या मुलगा डग्लस ॲडम्स यांच्या 'द हिचहायकर्स गाइड टू द गॅलेक्सी'त बुडाला आहे. परवा फोनवर तो आजीला सांगत होता, की एक प्रचंड संगणक विश्वाच्या सर्वांत मोठ्या प्रश्नावर ७५ लाख वर्षं विचार करतो आणि उत्तर देतो, ४२.

पलीकडे जरा शांतता. मग आजी म्हणाली, "बेचाळीस काय? किलो?"

मुलगा इतका हसला की फोन हातातून पडला.